बेकारी भत्ता : 730 चा भागाकार बदला

महादेवपुऱ्यातल्या कारखान्यांत, गोदामांत आपल्या रेल्वे-टपाल कुटुंबांतली कितीतरी मुले कंत्राटावर राबतात. काम सुटले की संध्याकाळी आमच्याकडे येतात, "काका, ईएसआयचा बेकारी भत्ता किती मिळेल?" आपल्याला कायम नोकरीत ईएसआय लागू नाही, म्हणून आपण या हिशेबाकडे कधी पाहिलेच नाही. ही आपली चूक झाली.

1 जुलै 2018 पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. आधी सरासरी रोजाच्या 25 टक्के, कोरोनात 24 मार्च 2020 पासून 50 टक्के. तेही आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त 90 दिवस.

पण 50 टक्के कशाचे? शेवटच्या पगाराचे नव्हे! मागच्या चार सहामाहींची सगळी मजुरी मिळवायची आणि 730 ने भागायची. 15,000 रुपये पगारावर 24 महिने सलग काम केलेल्याचा रोज 493 रुपये निघतो, भत्ता 246. त्याच पगारावर त्याच्याच शेजारी काम करणाऱ्या दुसऱ्याचे ठेकेदार बदलताना दहा महिने बुडाले, तर रोज 287 आणि भत्ता 144 वर येतो. रिकाम्या दिवसांचा भुर्दंड त्याने आधीच सोसला, आता पुन्हा तोच.

2020 मध्ये सरकारने अट सैल केली. लगतच्या सहामाहीत 78 दिवस आणि आधीच्या तीनपैकी एकीत 78 दिवस वर्गणी असली तरी चालते. म्हणजे खंड पडतो हे मान्य आहे, भागाकारात मात्र नाही. आजारपणाचा भत्ता काढताना हेच महामंडळ मजुरी मिळालेल्या दिवसांनीच भागते आणि 70 टक्के देते. मग बेकाराला वेगळा न्याय का? मजुरीच्या दिवसांनी भागा, एवढीच आमची मागणी आहे. ती आपल्या महासंघाने लावून धरावी.

टाळेबंदीत भत्ता नाही, बेकायदा ठरवलेल्या संपातही नाही. संप बेकायदा कसा ठरतो, हे 1974 आठवणाऱ्या रेल्वेवाल्यांना सांगायला नको.

तोवर मुलांना सांगा : पगाराच्या चिठ्ठ्या जपा, सहामाहीचे दिवस मोजा. काम सुटून 30 दिवस झाले की थेट ईएसआयच्या शाखेत अर्ज करा, मालकाच्या शिक्क्यासाठी ताटकळू नका. आकडेमोड जमत नसेल तर कागद घेऊन युनियन कचेरीत या, आम्ही बसून करून देऊ.