उतारावरचा सक्तीचा थांबा

पुण्याकडून मुंबईला निघालेली गाडी बोरघाट उतरताना मंकी हिलला थांबते, पुढे ठाकूरवाडीला पुन्हा थांबते, आणि अधीर प्रवासी खिडकीतून बाहेर पाहतो तर ना गाव, ना गर्दी. हा थांबा मुळात प्रवाशांसाठी नाहीच. तिथे मूळ रुळांतून एक फाटा निघून डोंगराच्या चढावर जातो. सांधा एरवी त्या फाट्याकडेच लावलेला असतो, म्हणजे ब्रेक निकामी झालेली गाडी दरीच्या दिशेने न सुटता चढावर जाऊन मंदावते. गाडी पूर्ण थांबली, चालकाच्या ताब्यात आहे हे दिसले, की मगच सांधा फिरतो आणि पुढची वाट मिळते.

घाट उतरणाऱ्याने आधी थांबावे, ही समज सह्याद्रीत रेल्वेहून फार जुनी आहे. सातवाहनकाळी नाणेघाटाची वाट राबती झाली, तेव्हा वाटेबरोबर कातळात पाण्याची टाकी आणि विसाव्याची लेणीही कोरली गेली. नुसता मार्ग काढून ती माणसे थांबली नाहीत. १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला, पण डोंगराचा मान तसाच राहिला. याच घाटात, रेल्वेला वाट दाखवणाऱ्या धनगराची कथा ज्या शिंग्रोबाच्या देवळाशी जोडली गेली आहे, तिथे आजही वाहनचालकांचे हात जोडले जातात. कथेची ऐतिहासिकता काहीही असो, डोंगराचा धाक तिने शाबूत ठेवला.

२१ एप्रिल १८६३ रोजी बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला, तेव्हा पंचवीस बोगदे आणि सदतिसास एक असा चढ पाहून साम्राज्याची छाती फुगली होती. चारच वर्षांनी, १८६७ च्या पावसाळ्यात, घाटातला एक मोठा कमानी पूल कोसळला, कारण बांधकामच सदोष होते. १८६९ मध्ये खंडाळ्याजवळच्या रिव्हर्सिंग स्टेशनात, जिथे गाडी थांबून उलट दिशेने निघत असे, तिथे उतरणारी मेल आवरली नाही आणि शेवटचा अडथळा ओलांडून गेली, माणसे मेली. उद्घाटनाची तारीख सर्वांना ठाऊक असते, या दोन तारखा फारशा कोणाच्या स्मरणात नाहीत. वास्तविक घाट चालवण्याची अक्कल अशा तारखांतून येते. बांधकाम असो वा ब्रेक, दगा मिळणारच असे गृहीत धरून यंत्रणा उभारायची, चालकाच्या कौशल्यावर वा नशिबावर सोडायची नाही, हे तिचे सार.

रेल्वेने जे रक्त सांडून शिकून घेतले, ते शेजारच्याच डोंगरउतारावर २००२ साली पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने उचललेच नाही. तिथे वेगमर्यादेचे फलक आहेत, कॅमेरे आहेत, दंड आहेत. पण थांबल्याशिवाय वाट न उघडणारा सांधा नाही. २०२५ च्या जुलैत खोपोलीजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर वीसेक वाहनांवर आदळला. दुसऱ्या दिवशी त्या अपघाताला चालकाची चूक म्हटले गेले असेल, तर ती जुनीच समजूत होती: दोष माणसाचा, उताराचा नाही. आता नव्या बोगद्यांनी घाटातला वेळ वाचवण्याचा हिशेब मांडला जातो, आणि ठाकूरवाडीसारख्या थांब्यांत जाणारी मिनिटे अनेकांना वाया गेल्यासारखी वाटतात. माझी मागणी उलटी आहे. अवजड वाहनांना घाटमाथ्यावर सक्तीने थांबवावे, ब्रेक तपासावेत, आणि तपासणी झाल्यावरच उतरू द्यावे. टोलनाक्यावर पैशांसाठी आपण हेच वाहन निमूट थांबवत आलो आहोत.