साठी आली म्हणून बुद्धी नाठी होत नाही

चष्मा कुठे ठेवला ते आठवेना, की घरातलेच कोणीतरी म्हणते, "साठी बुद्धी नाठी!" या म्हणीच्या आडून एक घातक समज घराघरांत नांदतो: वय झाले की मेंदू झिजणारच, त्याला इलाज नाही. याच्या जोडीला दुसरा समज आहे. रात्री भिजवलेले बदाम, ब्राह्मीची गोळी आणि सकाळचे शब्दकोडे, एवढे केले की मेंदूची काळजी मिटली. एक हताश करतो, दुसरा खोटा दिलासा देतो. आणि जे करायला हवे ते दोन्हींमुळे राहून जाते.

आधी पहिला पूर्वपक्ष. भारतात साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने मांडला. आकडा मोठाच आहे. पण शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांना हा आजार नाही, हेही तोच आकडा सांगतो. मग याला वयाचा धर्म कसे म्हणायचे? एखादे नाव आठवायला वेळ लागणे वेगळे आणि नेहमीच्या बाजारातून घरचा रस्ता न सापडणे वेगळे. दुसऱ्या प्रकारालाही 'म्हातारचळ' म्हणून सोडून देणारी घरे आहेत, याचा मला संताप येतो. कारण विसरण्यामागे कधी बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असते, कधी थायरॉइड, कधी नैराश्य. यांवर उपचार आहेत. पण डॉक्टरकडे नेले तर.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली टाळता किंवा आटोक्यात ठेवता येण्याजोगी चौदा कारणे मांडली. ती सगळी दूर झाली, तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार लांबणीवर पडेल, असा त्याचा हिशेब आहे. तो समाजाचा हिशेब आहे, एकट्या माणसाला दिलेली हमी नव्हे. तरीही 'इलाज नाही' म्हणणाऱ्यांना एवढे उत्तर पुरे.

आता बदाम आणि कोडी. बदाम चांगलेच, खावेत. पण मूठभर बदामांनी वाढलेला रक्तदाब उतरत नाही. गिंको या वनस्पतीच्या अर्काची तीन हजारांहून अधिक वृद्धांवर अनेक वर्षे चाचणी झाली. २००८ साली निष्कर्ष आला, की स्मृतिभ्रंश त्याने टळत नाही. कमतरता नसताना जीवनसत्त्वांच्या गोळ्या या कारणासाठी सुचवू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट सांगितले. सुडोकू सोडवून सुडोकूतला हात बसतो, त्यात आनंदही आहे. मात्र त्याने विसरणे थांबते असे सांगून कोणी पैसे मागू लागला तर सावध व्हावे. मेंदूच्या खेळांच्या 'ल्युमॉसिटी' या ॲपच्या कंपनीला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल अमेरिकेत २०१६ साली वीस लाख डॉलर भरावे लागले.

मग करायचे काय? रक्तदाबापासून सुरुवात करावी. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण शरीराच्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. ती पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या चाळिशीपासूनच्या वाढलेल्या दाबाने गुपचूप खराब होतात, आणि 'मला काही त्रास नाही' म्हणून गोळी बंद करणारे प्रत्येक कुटुंबात असतात. मधुमेहाचे आणि तंबाखूचेही तसेच.

दुसरी गोष्ट कानांची, आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. आजोबांना ऐकू कमी येऊ लागले की आधी टीव्हीचा आवाज वाढतो, मग घरचे वैतागतात, मग त्यांना विचारणेच बंद होते. ते गप्प राहू लागतात आणि आपण म्हणतो, स्वभाव बदलला. न ऐकू येणारा माणूस संवादातून उठतो, तेव्हा मेंदूचे रोजचे मोठे काम बंद पडते. अमेरिकेतल्या २०२३ च्या एका चाचणीत श्रवणयंत्राने सरसकट सर्वांना फरक पडला नाही. मात्र ज्यांना धोका जास्त होता, त्यांची बौद्धिक घसरण तीन वर्षांत जवळपास निम्म्याने मंदावली. चष्म्याची लाज कधीच गेली, श्रवणयंत्राची अजून का बाळगायची?

चालणे, पुरेशी झोप, भाज्या-कडधान्यांचे जेवण हे सर्वांना ठाऊक आहे. कमी पडते ते सातत्य. फिनलंडमध्ये साठ ते सत्त्याहत्तर वयाच्या १,२६० जणांवर दोन वर्षे प्रयोग झाला. आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबादींची देखरेख हे सारे एकत्र मिळालेला गट नुसता सल्ला मिळालेल्या गटापेक्षा कसोट्यांत सरस ठरला. २०१५ साली हे प्रसिद्ध झाले.

"आमचे आजोबा तंबाखू खाऊन नव्वदीपर्यंत खणखणीत होते," हा आक्षेप ठरलेला. असतील, पण एका आजोबांवरून नियम ठरत नाही. दुसरा आक्षेप मात्र मनाला लागतो: सगळे पथ्य पाळूनही आईला हा आजार झालाच. होतो, कारण आनुवंशिकता आणि वय आपल्या हाती नाही. म्हणून रुग्णाला किंवा त्याच्या घरच्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

चाळिशी ओलांडली असेल तर या आठवड्यात रक्तदाब मोजून घ्या. घरातल्या ज्येष्ठांना दोनदा हाका माराव्या लागत असतील, तर आवाज चढवण्याआधी त्यांची श्रवणचाचणी करून आणा.