अकरा मिनिटांत २७५ इशारे

कारखान्यात स्फोट झाला की चौकशीची सुरुवात बहुधा पाळीवरच्या माणसापासून होते. त्याने कोणते बटण दाबले, त्याला डुलकी लागली होती काय? ज्या संगणकासमोर तो बसला होता त्याची आज्ञावली कोणी लिहिली, आणि लिहिणाऱ्या तुकडीचा प्रमुख या माणसाशी कधी दोन शब्द बोलला होता काय, हा प्रश्न फार उशिरा येतो. पुष्कळदा येतच नाही.

वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील टेक्साको कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ रोजी जे घडले, ते कार्यकर्त्यांनी मुळातून समजून घ्यावे. सकाळच्या विजांच्या वादळात तेथील यंत्रणा विस्कळित झाली. एक झडप प्रत्यक्षात बंद असताना चालकांना ती उघडी असल्याचे दिसत होते. दुपारी सुमारे २० टन ज्वालाग्राही द्रव्य बाहेर पडून स्फोट झाला. २६ जण जखमी झाले. सुदैवाने कोणी दगावले नाही. ब्रिटिश शासनाच्या सुरक्षा यंत्रणेने १९९७ साली दिलेल्या अहवालानुसार स्फोटापूर्वीच्या अखेरच्या अकरा मिनिटांत दोघा चालकांपुढे २७५ इशारे येऊन कोसळले होते. बहुतेक इशाऱ्यांना सर्वोच्च महत्त्व बहाल केलेले. आणि संपूर्ण प्रक्रिया एका नजरेत दाखवील असा पडदाच नाही! लांडगा आला म्हणून एकाच वेळी सारा गाव ओरडू लागला तर माणसाने धावावे कोठे?

हे दुष्टपणाने घडत नाही. पूर्वी प्रत्येक इशाऱ्यासाठी फलकावर दिवा बसवावा लागे, तार ओढावी लागे, पैसा मोजावा लागे. साहजिकच त्यावर वाद होई. आज्ञावलीत इशारा वाढवायला जवळजवळ काहीच पडत नाही. तरुण अभियंता म्हणतो, असू द्या, उद्या कोणी विचारले तर ‘इशारा दिला होता’ असे सांगता येईल. एकेकाची ही सावधगिरी साचत जाते आणि सारे ओझे चालकाच्या डोक्यावर उतरते. ते अडवणे हे तुकडीच्या प्रमुखाचे खरे काम. पण त्याची परीक्षा होते ती काम मुदतीत हातावेगळे झाले की नाही यावर. तोही पगारी नोकरच. त्याने आपल्या अभियंत्यांना चार रात्रपाळ्या नियंत्रणकक्षात बसवायचे ठरवले, तर त्या दिवसांचा हिशेब त्याच्याकडेच मागितला जातो.

येथे आपल्या चळवळीची उणीवही कबूल केली पाहिजे. संगणक आला की किती हात रिकामे होतील हे आपण तावातावाने विचारले, आणि ते रास्तच होते. उरलेल्या दोघांच्या माथी काय मारले जाईल, हे विचारायचे मात्र राहून गेले. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक उद्योगांतील सुरक्षा समितीत कामगारांना व्यवस्थापनाइतक्याच जागा मिळाल्या. त्या जागांवर बसून आपण हातमोजे आणि शिरस्त्राणे मागितली; इशाऱ्यांची यादी कधी मागितली काय?

चालकाला आज्ञावलीतले काय कळते, असे व्यवस्थापन म्हणेल. कोणता दिवा रोज उगाच लागतो आणि कोणता लागला की जिवाचा थरकाप होतो, हे त्याच्याइतके कोणालाच कळत नाही. तेव्हा पुढच्या करारात एक कलम घालावे: इशाऱ्यांच्या यादीवर तुकडीप्रमुखाच्या सहीशेजारी पाळीवरच्या चालकाची सही असेल, आणि ती झाल्यावाचून नवी प्रणाली सुरू होणार नाही.