काच दिसू नये, काचेतून रस्ता दिसावा

मृग नक्षत्र जवळ आलं की आपल्या भागात कामांची एकच गडबड उडते. शेतकरी बी-बियाणं बघून ठेवतो, बांध नीट करतो, गोठ्याच्या छपराची भोकं बुजवतो, मोटारीच्या पेटीवर पत्रा टाकतो. दारात उभ्या असलेल्या टेम्पोच्या नाहीतर जीपच्या पुढच्या काचेकडं मात्र कुणाचं लक्ष जात नाही. पहिला वळीव अंगावर येतो, वायपर फिरतो, काचेवर चिखलाचा पट्टा उमटतो आणि समोरचा रस्ता गडप होतो. मग आठवण होते. पण तोवर गाडी रस्त्यात असते.

शेतकरी मंडळींनो, आज गावात गाडी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. पहाटेचं दूध, बेडग-आरग-नरवाड भागातली पानं, रात्री वाशी मार्केटला निघणारी द्राक्षं, शाळेला जाणारी पोरं, सगळं चाकावर आहे. मिरज तर दवाखान्यांचं गाव. जत, अथणी, चिकोडीकडचा पेशंट अपरात्री जीपमध्ये घालून मिरजेला आणतात, तेव्हा ड्रायव्हरला समोरचं किती दिसतं यावर आतल्या सगळ्यांचा जीव असतो. ताशी साठ किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ ५५ फूट पुढं जाते. काचेवरचं पाणी निपटायला तीन सेकंद लागले, तर गाडी दीडशे फुटांहून जास्त अंतर आंधळेपणानं गेलेली असते.

आता बाजारात काचेसाठी दोन वस्तू जोरात खपतात. एक, पाणी ठरू न देणारं औषध, म्हणजे काचेवर चोळायचं लिक्विड. दुसरी, काचेवर चिकटवायची फिल्म. दोन्हींचा उपयोग आहे, पण तो जागेवर लावला तर. माझं म्हणणं सरळ आहे. काच ही गाडीची शोभा नव्हे, ब्रेकसारखाच सुरक्षिततेचा भाग आहे. खर्च करताना हे डोक्यात ठेवलं तर निम्मे पैसे वाचतील आणि अपघातही टळतील.

अळवावरचं पाणी

हे लिक्विड काय करतं, ते शेतकऱ्याला वेगळं शिकवायला नको. अळूच्या पानावर पाणी टाकलं की ते पसरत नाही, गोळी होऊन घरंगळतं. कोबीच्या पानाचं तेच. पानावर मेणाचा बारीक थर असतो, तो पाण्याला धरू देत नाही. बाटलीतल्या औषधात बहुधा सिलिकॉन किंवा फ्लोरीन जातीची रसायनं असतात. ती काचेवर तसाच न दिसणारा थर धरतात. पाऊस पडला की पाण्याच्या गोळ्या होतात आणि गाडीच्या वेगाचा वारा त्या वर ढकलून देतो.

इथंच ग्यानबाची मेख आहे. गोळी ढकलायला वारा लागतो, आणि वाऱ्याला वेग लागतो. गाडी महामार्गावर साठच्या पुढं असेल तर हे औषध छान काम देतं. पण गावातल्या रस्त्यावर, खड्डे चुकवत वीस-पंचवीसनं चाललेल्या टेम्पोवर त्या गोळ्या काचेवरच बसून राहतात. रात्री समोरून दिवे आले की प्रत्येक गोळी दिव्यासारखी चमकते आणि दिसायचं तेही दिसत नाही. म्हणून हळू चालणाऱ्या गाडीला वायपर तो वायपरच. त्याला पर्याय नाही.

जुने ट्रकड्रायव्हर उलटी युक्ती करायचे. वायपर बंद पडला की ओली तंबाखू नाहीतर कापलेला बटाटा काचेवर चोळायचे. त्यानं गोळ्या होत नाहीत, पाणी सपाट पसरतं आणि पातळ थरातून थोडंफार दिसतं. तुम्ही फवारणीच्या पंपात स्टिकर टाकता ना, औषध पानावर पसरावं म्हणून? अगदी तोच प्रकार. अडलेल्या वेळेला ठीक आहे, पण तंबाखूच्या भरवशावर आंबा घाट उतरायचा नसतो.

आणखी एक. हे लिक्विड कायमचं नाही. धूळ, ऊन, वायपरची घासण यांनी ते काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत उतरतं. म्हणजे अळवावरचं पाणी आणि हे औषध, दोन्हींचं आयुष्य थोडकंच. काचेला आतून वाफ धरते, तिच्यावर तर बाहेरच्या या थराचा काहीच इलाज चालत नाही. तिथं काचेवर हवा सोडावी, एसी असेल तर लावावा, नसेल तर खिडकी दोन बोटं उघडी ठेवावी.

आधी रबर, मग बाटली

मग करायचं काय? क्रम लक्षात ठेवा. पहिलं वायपरचं रबर. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या आसपास जातो. तापलेल्या काचेवर रबर चिकटून पडतं, कडक होतं, कडा फाटतात. उन्हाळाभर ते काम करत नाही म्हणून ते चांगलं आहे असं वाटतं. नखानं वाकवून बघा. ताठ झालं असेल, चिरा पडल्या असतील, तर बदला. काही शे रुपयांचं काम आहे. पाण्याच्या टाकीचा फवारा चालतो का तेही बघा. आणि कोरड्या, धुळीनं भरलेल्या काचेवर वायपर कधीच फिरवू नका. रबराखाली वाळू सापडली की काचेवर चंद्रकोरीसारखा ओरखडा कायमचा बसतो.

दुसरं, काच धुणं. मिरज तालुक्यात बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी जड आहे. त्याच पाण्यानं गाडी धुतली आणि उन्हात वाळू दिली की काचेवर क्षाराचे पांढरे ठिपके राहतात. मग ड्रायव्हर म्हणतो, "काच जुनी झाली." काच जुनी नसते, तिच्यावर पाण्याचं मीठ बसलेलं असतं. त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस पाण्यात घालून फडक्यानं चोळा, चांगल्या पाण्यानं धुवा आणि लगेच कोरडं पुसून घ्या. रॉकेल किंवा डिझेलचा बोळा मात्र काचेला लावू नका. त्यानं काच चकाकते, पण तेलकट थर राहतो आणि पावसात तोच डोळ्यांपुढं धुकं धरतो. काच आतूनही पुसा. आतल्या बाजूला धुराचा आणि धुळीचा थर बसतो, तो दिवसा कळत नाही, रात्री कळतो.

एवढं झाल्यावर, गाडी वरचेवर लांब पल्ल्याला, घाटातून जात असेल तर बाटली जरूर घ्या. काच स्वच्छ, कोरडी करून, सावलीत लावा, वाळल्यावर मऊ फडक्यानं घोटा. मोटारसायकलवाल्यांना एक सूचना. काचेचं औषध हेल्मेटच्या पुढच्या प्लॅस्टिकला लावू नका. काही औषधांनी प्लॅस्टिक पांढुरकं पडतं, तडकतं. त्यासाठी वेगळं मिळतं, डब्यावर वाचून घ्या.

पुढच्या काचेला खडा लागून बारीक डोळा पडला असेल तर तोही पावसाआधी भरून घ्यावा. पुढची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा घालून केलेली असते. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच माणसाला ही कल्पना १९०३ साली प्रयोगशाळेत खाली पडूनही तुकडे न झालेल्या एका काचपात्रावरून सुचली. या पडद्यामुळंच काच फुटली तरी तुकडे चेहऱ्यात घुसत नाहीत. डोळा लहान असतानाच रेझिन भरलं तर काच वाचते. धक्के बसून चीर लांबली की काच बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

काळी काच म्हणजे पुढारीपण नव्हे

आता फिल्मकडं वळू. गावात काळ्या काचेची गाडी आली की लोक म्हणतात, कुणी मोठा माणूस आला. हे खूळ आपणच वाढवलं आहे. कायदा काय म्हणतो ते सरपंच आणि अधिकारी मंडळींनी तरी नीट समजून घेतलं पाहिजे.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०० सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं २७ एप्रिल २०१२ रोजी अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर निकाल दिला आणि काचेवर वरून फिल्म चिकटवण्यावरच बंदी घातली. पुढं या नियमात दुरुस्ती झाली. ती १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. तिच्यात नुसत्या सुरक्षित काचेबरोबर प्लॅस्टिकचा थर असलेलं 'सेफ्टी ग्लेझिंग'ही मान्य झालं. त्याच आधारावर केरळ उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की ठरलेल्या मानकाची आणि ७०-५० ची अट पाळणारी फिल्म गाडीमालक लावू शकतो. म्हणजे काळी फिल्म आजही बेकायदाच आहे. फिकट, मानकाप्रमाणं असलेल्या फिल्मला वाट मिळाली आहे, एवढाच याचा अर्थ.

आणि दुकानदार "सत्तर टक्क्यांची फिल्म आहे, काही होत नाही" म्हणाला, तर हिशेब घाला. मूळ काचेतूनच समजा ७५ टक्के उजेड येतो. त्यावर ९० टक्के उजेड सोडणारी फिल्म लावली तरी शेवटी साडेसदुसष्ट टक्केच उरतो. झालं, नियम मोडला! अट फिल्मला नाही, फिल्मसकट काचेला आहे. म्हणून पुढच्या काचेला फिल्म नकोच म्हणा. बाजूच्या काचेला लावायची तर मानकाचा शिक्का आणि पावती घ्या.

उन्हाळ्यात गाडी तापते, आत लेकरंबाळं असतात, हे खरं आहे. पण गारव्यासाठी अंधार करायची गरज नाही. उन्हातली बरीच उष्णता डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांची असते. उजेड सोडून तेवढेच किरण अडवणाऱ्या फिकट फिल्म मिळतात. गाडी उभी असताना झाडाची सावली आणि काचेला लावायचा पुठ्ठा तर फुकटात पडतो. दिवेलागणीला गुरं घेऊन घरी परतणारी म्हातारी, बिनदिव्याचा सायकलवाला, डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली बाई, ही माणसं काळ्या काचेतून दिसत नाहीत. ती आपलीच माणसं आहेत.

फिल्म लावायचीच तर ट्रॉलीला लावा

खरी गरज असलेली फिल्म वेगळीच आहे, आणि ती आपण लावत नाही. ऊस हंगामात रात्री रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चालतात, पंक्चर झाले तर तिथंच उभे राहतात. मागं दिवा नाही, बाहेर आलेल्या वाढ्यानं होता तो रिफ्लेक्टर झाकलेला, त्यातून कृष्णाकाठचं डिसेंबरातलं पहाटेचं धुकं. मागून येणारा मोटारसायकलवाला कितीही स्वच्छ काचेतून बघत असला तरी त्याला काळ्या अंधारात काळी ट्रॉली दिसणार कशी?

चकाकणारी पट्टी हीसुद्धा फिल्मच आहे. तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा तिकोनी पैलू असतात. ते दिव्याचा उजेड जिथून आला तिथंच परत पाठवतात, म्हणून ती मागच्या ड्रायव्हरच्या डोळ्यात भरते. मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी, असा तिचा नियम आहे. ती उसाच्या मोळ्यांखाली झाकणार नाही अशा जागी लावायची आणि दर फेरीनंतर चिखल पुसायचा. बस्स. त्यात ना मोठा खर्च, ना कष्ट. ज्या घरात जीपच्या काळ्या काचेला पैसे निघतात, त्याच घरातल्या ट्रॉलीला हातभर पट्टी नसावी, ही लाजेची गोष्ट आहे.

दोन ग्रामसभा, दोन कामं

हे सगळं एकट्या शेतकऱ्यावर सोडून भागणार नाही. सरपंच, ग्रामपंचायतीचे अधिकारी, दूध संस्थांचे आणि सोसायट्यांचे चेअरमन यांना माझी विनंती आहे. १ मेच्या ग्रामसभेत एक ठराव घ्या. शाळेची पोरं नेणाऱ्या, दूध नेणाऱ्या आणि पेशंट नेणाऱ्या गावातल्या प्रत्येक गाडीचं वायपर, काच आणि दिवे मृगाआधी बघून घ्यायचे. गावातलाच एखादा मेकॅनिक अर्ध्या दिवसात हे काम करील. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत दुसरा ठराव घ्या. गाळप सुरू होण्याआधी गावातल्या प्रत्येक ट्रॉलीला पट्टी लागली पाहिजे. साखर कारखान्यांनी तोडणी-वाहतुकीचे करार करतानाच पट्टी तपासली आणि ती नसेल तर ट्रॉली वजनकाट्यावर घेतली नाही, तर एका हंगामात फरक दिसेल.

आणि पुढाऱ्यांनी सुरुवात आपल्या गाडीपासून करावी. चेअरमनसाहेबांच्या गाडीची काळी फिल्म निघाली की गावातल्या पोरांच्या गाड्यांवरची आपोआप निघेल. नुसत्या दंडाच्या पावत्यांनी हे होणार नाही.

पाऊस कुणासाठी थांबत नाही आणि अंधारही. बाटली घ्यायची की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण रबर बदला, काच धुवा आणि ट्रॉलीला पट्टी लावा. एवढ्यानंही रात्री घरी परत येणाऱ्यांची संख्या वाढेल.