जुनी जीप, उस्तादाचा हात आणि आर. सी. बुक

गेल्या काही वर्षांत जुन्या फोर व्हील जीपला पुन्हा भाव आला आहे. तरुण मंडळी जुनी महिंद्रा किंवा जिप्सी शोधून घेतात, ती उंच करतात, रुंद टायर घालतात, टपावर कॅरियर बसवतात आणि लडाखच्या वाटेला लागतात. आम्ही कापडवाले तीच जीप किनवट-माहूरकडे किंवा उदगीर-देगलूरच्या बाजूला नमुने दाखवायला आणि उधारी वसूल करायला नेतो. हौशी माणसाची असो की व्यापाऱ्याची, ती उघडतो मात्र एकच मिस्त्री. नांदेड आणि लातूरच्या गॅरेजमध्ये वेल्डर, पाटेवाले, रेडिएटरवाले, हूड शिवणारे असे आपले पुष्कळ लोक या कामावर घर चालवतात. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर यायला हवा.

माझे म्हणणे थोडक्यात असे. जुन्या जीपचे रूप बदलण्यात पैसा घालू नये, तिची मूळची ताकद परत आणण्यात घालावा. आणि जे काम होईल त्याची लेखी पावती मिस्त्रीने द्यावी, ग्राहकाने मागून घ्यावी. ग्राहकाचा जीव, व्यापाऱ्याचे भांडवल आणि कारागिराची रोजी या तिन्ही गोष्टी यात अडकल्या आहेत.

या जीपचे मूळ पाहिले तर ती दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विलीज जीपची औलाद आहे. १९४५ साली महिंद्रा बंधूंनी मलिक गुलाम मुहम्मद यांच्याबरोबर 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही पेढी पोलादाच्या व्यापारासाठी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये पेढीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. त्याच सुमारास मुंबईत विलीजची जोडणी सुरू झाली. युद्धासाठी बनवलेली गाडी शिपायाला मैदानात पान्याने उघडता यावी अशीच केलेली असते. आपल्या उस्तादांना ती इतकी वश झाली याचे कारण हेच आहे. आजच्या नव्या गाड्या संगणकाशिवाय बोलत नाहीत. जुनी जीप कानाने ऐकून दुरुस्त होते.

आपल्या मुलखात तिची गरजही खरी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि पाठोपाठ पाऊस लागला. ढिगारे उपसणाऱ्या हातांना आणि मदत नेणाऱ्या गाड्यांना त्या पावसाने आणि काळ्या चिखलाने किती छळले हे लातूर, उस्मानाबादच्या लोकांना सांगायला नको. सडका आता पुष्कळ सुधारल्या आहेत, पण मोठ्या पावसात शेवटचे दोन-तीन मैल आजही परीक्षा घेतात.

पैसा कुठे घालावा?

पहिला पैसा ब्रेकवर. जुन्या जीपच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. ओढ्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरते आणि पुढच्या उतारावर ब्रेक लागत नाही. लायनर, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि ब्रेकचे पाइप नवे घालावेत. पाण्यातून निघाल्यावर हलका ब्रेक दाबत थोडे अंतर जावे, म्हणजे लायनर सुकतात.

दुसरा पैसा रेडिएटर, पाण्याचा पंप आणि होज पाइपवर. मे महिन्यातल्या उन्हात घाट चढताना जुने इंजिन ताकदीने कमी पडत नाही, उष्णतेने पडते. तिसरा पैसा स्टिअरिंगचे सांधे, पाटे, शॉकअप आणि चासीला गेलेल्या तड्यांवर. वरून रंग मारलेली तडा पाच हजार किलोमीटरच्या प्रवासात उघडी पडल्याशिवाय राहत नाही.

टायरच्या बाबतीत दिखावा फार झाला आहे. काळी माती भिजली की डिंकासारखी चिकटते. रुंद टायरच्या खाचा तिने भरून जातात, चिखल मडगार्डमध्ये अडकतो आणि चाक नुसते फिरते. मुळातला सोळा इंची अरुंद टायर खालच्या घट्ट थरापर्यंत उतरून पकड घेतो. शिवाय टायर मोठा केला की स्टिअरिंग जड होते, ब्रेकवर जादा भार येतो आणि मीटर वेग कमी दाखवते. टपावर डबे आणि जादा स्टेपनी चढवणे हाही तसाच प्रकार. जुन्या छोट्या जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर अवघे ८० इंच. उंच केलेली, वरून लादलेली अशी गाडी वळणावर कलंडते. वजन खाली आणि मध्यभागी असावे.

फोर व्हील लावण्यालाही जागा असते. पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी सोय जुन्या जीपमध्ये नाही. म्हणून कोरड्या डांबरी सडकेवर फोर व्हील लावून गाडी चालवली की सगळा ताण गिअर आणि जॉइंटवर येतो. ते फक्त चिखल, वाळू आणि निसरड्या चढासाठी.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे आर. सी. बुकात कंपनीने दिलेला जो तपशील आहे त्याच्याशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच स्पष्टपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले. बेकायदा बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुढे लावायच्या लोखंडी गार्डलाही केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये मनाई केली आहे. इंजिन बदलायचेच असेल तर आधी आरटीओची मंजुरी, आणि बदल झाल्यावर १४ दिवसांत नोंद.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. चारचाकीची ही फी १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली आणि २० वर्षांवरील गाडीसाठी २०२५ मध्ये दहा हजार. एवढी फी भरून गाडी तपासणीला उभी करायची आणि चासी कापून लांब केलेली निघायची, यात कोणता हिशोब आहे? अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला हेच कारण पुरते. माझ्या माहितीतल्या एका व्यापाऱ्याला असाच नकार मिळाला. गाडी गेली, भरपाईही गेली.

कारागिराचा हात कितीही चांगला असो, कागदापुढे तो हरतो. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून सुमारे ६० हजारांत किकने चालू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचे मनापासून कौतुक केले, पण ही गाडी नियमात बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल हेही सांगितले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती मिळाली. आनंदाचीच गोष्ट. पण प्रत्येक कारागिराला बोलेरो मिळत नसते.

उस्तादांनी काय करावे?

कापडाच्या धंद्यात आम्ही दहा मीटर लठ्ठा दिला तरी चिठ्ठीवर मीटर आणि भाव लिहितो. मग चाळीस हजारांचे काम जुबानी का? पावतीवर गाडीचा नंबर, चासी नंबर, तारीख, काढलेला भाग, घातलेला भाग, तो नवा की जुना, आणि सही, एवढे लिहावे. बेकायदा काम सांगणाऱ्या ग्राहकाला नाही म्हणावे आणि तेही कारणासह. पावती दिली की कर मागे लागेल ही भीती पुष्कळांना असते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर दुरुस्तीच्या सेवेसाठी सहसा जीएसटी नोंदणीची सक्तीच नाही.

ग्राहकही तितकाच जबाबदार आहे. रुंद टायरला आणि दिव्यांच्या रांगेला तो हसत पैसे मोजतो आणि ब्रेकच्या लायनरवर घासाघीस करतो. न दिसणाऱ्या कामाला मोल मिळाले नाही तर मिस्त्री दिसणारेच काम करील.

मूळ रूपात नीट राखलेल्या जुन्या जीपला आज चांगली किंमत येते. अशी गाडी उभी करणारा हात नांदेड-लातुरात आहे, पण तो बहुतेक पन्नाशी ओलांडलेला आहे. शागीर्द कमी होत चालले आहेत, कारण गॅरेजमध्ये इज्जत आणि नक्की आमदनी दिसत नाही. मुलाला आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा कोर्स करू द्यावा, आणि संध्याकाळी उस्तादाच्या हाताखाली बसवावे. गिऱ्हाईकाच्या हातात जाणाऱ्या पावतीवर आपल्या गॅरेजचे नाव वाचले, तर तो मुलगा हा धंदा पुढे नेईल.