विडीमागचे मूल

वसतिगृहाच्या झडतीत एखाद्या मुलाच्या पेटीत विडी सापडली, की पुढचा क्रम ठरलेला असतो : छड्या, पालकांना बोलावणे आणि शेवटी शाळा सोडल्याचा दाखला. अधीक्षक असताना मीही हेच केले. आठवीतल्या एका मुलाला ‘विडी कोठून आणलीस?’ असे मी दहादा विचारले, ‘का ओढलीस?’ असे एकदाही विचारले नाही. ती चूक आजही मनाला डाचते.

२०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातील १३ ते १५ वर्षांचे ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करताना आढळले. विडी ओढलेल्यांपैकी ४७ टक्के मुलांनी ती वयाची दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच प्रथम ओढली होती.

फुप्फुसांचा धोका आपण मुलांना सांगतो. मनाचा सांगत नाही. कोवळ्या वयात धूम्रपान करणाऱ्यांमध्ये स्वतःला इजा करण्याचे वा जीवन संपविण्याचे विचार अधिक आढळतात, असे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. विडीच मुलाला त्या टोकास नेते, असा याचा अर्थ नव्हे. घरातील मारहाण, अपमान, एकाकीपण ही दोहोंच्या मुळाशी असू शकतात. निकोटिनाचा अंमल उतरताच बेचैनी वाढते. मूल पुन्हा विडी शोधते आणि मूळचे दुःख तसेच राहते.

म्हणून विडी ही खूणही मानली पाहिजे. अशा मुलास काढून टाकणे म्हणजे त्याचा उरलासुरला आधार काढून घेणे होय.

शिस्त हवीच. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास बंदी आहे. बडगा प्रथम त्या टपरीवर उगारावा. मुलाजवळ मात्र शांतपणे बसावे. झोप लागते का, जगणे नकोसे वाटते का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर ‘होय’ असल्यास त्यास एकटे सोडू नये, डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवाही अहोरात्र उपलब्ध आहे.

स्मरणिकेत गुणवंतांची छायाचित्रे अवश्य असावीत. पण ज्यांची नावे आपण हजेरीपटावरून खोडली, त्यांचेही स्मरण आपण ठेवावे.