गेर्ड म्युलर: चौकटीतला सम्राट
बव्हेरियात १९४५ मध्ये जन्मलेले गेर्ड म्युलर हे बायर्न म्युनिक या फुटबॉल क्लबचे स्ट्रायकर, म्हणजे गोल करणे हेच मुख्य काम असलेले आघाडीचे खेळाडू होते आणि बुंडेसलिगा या जर्मनीतील सर्वोच्च साखळी स्पर्धेत त्यांनी ४२७ सामन्यांत नोंदवलेल्या ३६५ गोलांचा विक्रम अद्याप अबाधित आहे. ठेंगणा, भरदार बांधा हे वैगुण्य नसून त्यांचे बलस्थानच होते, कारण त्यामुळे पेनल्टी क्षेत्रात, म्हणजे गोलपुढील आखीव चौकटीत, बचावपटूंच्या गराड्यातही त्यांना क्षणार्धात वळून फटका मारता येई. १९७४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्धचा निर्णायक गोल असाच झाला. डौलदार खेळाच्या भोक्त्यांनी (काहीसे अन्यायानेच) त्यांना दुय्यम मानले. निवृत्तीनंतर मद्यासक्तीने ग्रासलेल्या म्युलर यांना जुन्या सहकाऱ्यांनी सावरले व बायर्ननेच पुढे प्रशिक्षकपद दिले.